उथळ पाण्यातला हक्क

(संघटनेच्या उन्हाळी अभ्यास शिबिरात दुसऱ्या दिवशी रात्री, जेवणानंतर झालेले हे भाषण टेपवरून उतरवून घेतले आहे. जागेअभावी थोडे कमी केले आहे. पाड्यावर वाचून दाखवताना सावकाश वाचावे आणि मध्ये थांबून चर्चा करावी. — संपादक मंडळ)



दिवसभर सात-बारा, प्लॉटच्या केसेस, २७ डिसेंबर १९७८ चा जी.आर. हे सगळं ऐकून तुमची डोकी जड झाली असतील. म्हणून मला सांगितलंय की रात्री काहीतरी हलकं बोल. मी मासे धरण्याबद्दल बोलणार आहे. आता हे हलकं आहे की जड, ते शेवटी तुम्हीच ठरवा.

आधी आपलं बोलू. पावसाला आता महिना राहिला. पहिला मोठा पाऊस पडला, ओहोळ लाल पाण्याने भरून वाहायला लागला, की काय होतं? वलगण चढते. नदीतले मासे उलटे वर निघतात, ओहोळातून शेतात, शेतातून बांधावरच्या गवतात. कशाला येतात? अंडी घालायला. खोल पाण्यात त्यांना ते करता येत नाही, उथळ पाणी लागतं. आणि आपण काय करतो? रात्री कंदील, बॅटरी, कोयता, पाग, टोपली, जे हाताला लागेल ते घेऊन निघतो. लहानपणी बापाच्या मागे चूड धरून चालायचं काम माझं होतं. चूड खाली गेली की बाप ओरडायचा. त्या रात्री पाड्यावर कोणी उपाशी झोपत नसे. उरलेली मासळी चुलीवर सुकत टांगलेली असे.

हे मी का सांगतो? कारण पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे भात पिकत नाही आणि तळ्यावर महिनोन्महिने बर्फ असतो, तिथेही आदिवासी असेच रात्री दिवा घेऊन उथळ पाण्यात मासे धरायला जातात. आणि त्या माशांसाठी त्यांनी दगड खाल्ले, शिव्या खाल्ल्या, कोर्टात वर्षानुवर्षं काढली, आणि शेवटी जिंकले. मी तिकडे गेलेलो नाही. कोर्टाच्या निकालाची माहिती आणि काही अहवाल एका मित्राने पाठवले, ते शब्दकोश घेऊन वाचले. १९९३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने जगातल्या मूळ रहिवाशांचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. सेमिनार काय, होतच असतात. आपण आपल्या शिबिरात एका लढ्याची गोष्ट तरी नीट समजून घेऊ.

टेंभ्यांचं सरोवर

अमेरिकेच्या उत्तरेला विस्कॉन्सिन नावाचं राज्य आहे. वर सुपीरियर नावाचं समुद्राएवढं गोड्या पाण्याचं सरोवर, आणि त्याच्या खाली जंगलात हजारो लहान-मोठी तळी. तिथले आदिवासी म्हणजे ओजिब्वे. सरकारी कागदात त्यांना चिपेवा लिहितात. ते स्वतःला अनिशिनाबे म्हणतात. म्हणजे तिकडेही तेच, नाव एक आणि कागदावर दुसरं.

त्यांच्या एका गावाचं नाव आहे लाक द्यू फ्लॅम्बो. हे फ्रेंच नाव आहे, अर्थ टेंभ्यांचं सरोवर. तीनशे वर्षांपूर्वी फ्रेंच व्यापारी तिथे पोचले तेव्हा त्यांना रात्री तळ्यावर दिवेच दिवे फिरताना दिसले. ओजिब्वे लोक होडीत पेटता टेंभा धरून मासे मारत होते. त्यावरून नाव पडलं. आता विचार करा, गावाच्या नावातच पुरावा आहे. तरी पुढे याच लोकांना कोर्टात सिद्ध करायला लागलं की आम्ही इथे रात्री मासे मारत होतो!

मासा कोणता? आपल्याकडे नाही तो. इंग्रजीत वॉलआय म्हणतात, ओजिब्वे भाषेत ओगा. चवीला उत्तम, काटे कमी. त्याच्या डोळ्यात आत एक चमकणारा पडदा असतो, मांजराच्या डोळ्यात असतो तसा. उजेड पडला की डोळा निखाऱ्यासारखा चकाकतो.

एप्रिल महिन्यात तळ्यावरचं बर्फ फुटतं. पाणी अजून इतकं गार की हात घातला तर बधिर होईल. अशा पाण्यात वॉलआय रात्रीचा काठाकडे येतो, गुडघाभर-कमरभर पाण्यात, जिथे तळाला गोटे आणि खडी आहे तिथे. नर आधी येतात आणि जास्त दिवस थांबतात. मादी मोठी असते. येते, अंडी सोडते आणि खोल पाण्यात परत जाते. एक मोठी मादी लाखभर अंडी सहज टाकते. अंडी खडीच्या फटीत पडतात. त्यांच्यावर आईबाप पहारा करत नाहीत. हे दोन-तीन आठवडेच चालतं. पुढे पाणी तापलं की संपलं.

या दिवसांत ओजिब्वे होडी काढतात. एकजण मागे होडी सांभाळतो, दुसरा पुढे उभा. त्याच्या हातात माणसाहून लांब दांड्याचा भाला, टोकाला दाताळ्यासारखे चार-पाच दात. पूर्वी बर्च झाडाच्या सालीचा टेंभा असायचा, आता डोक्यावरच्या टोपीला दिवा आणि त्याची वायर गाडीच्या बॅटरीला. डोळे चमकले की भाला. हिवाळाभर साठवणीवर जगलेल्या माणसांना वर्षातला पहिला ताजा घास हाच. म्हाताऱ्यांच्या घरी आधी पोचवायचा, लग्न-मयताला राखायचा, मग आपला.

विकलं काय आणि राखलं काय

आता हक्काची गोष्ट. इथे जरा लक्ष द्या.

१८३७ साली अमेरिकन सरकारला तिथलं पाइनचं लाकूड पाहिजे होतं. १८४२ साली तांबं पाहिजे होतं. दोन्ही वेळा सरकारने ओजिब्वे मुखियांना बोलावून करार केले. कागद इंग्रजीत, सही म्हणून मुखियांच्या खुणा. जमीन सरकारकडे गेली. पण मुखियांनी एक गोष्ट सोडली नाही. ते म्हणाले, लाकूड न्या, पण शिकार करणं, मासे धरणं आणि तळ्यातला रानतांदूळ गोळा करणं आमच्याकडे राहील. ते कागदात लिहून घेतलं. फक्त सरकारच्या वकिलांनी एक मेख मारून ठेवली, की राष्ट्राध्यक्षाची मर्जी असेल तोपर्यंत.

आणि मर्जी लवकरच फिरली. १८५० साली राष्ट्राध्यक्षाने हुकूम काढला की ओजिब्वेंनी मुलूख सोडून पश्चिमेला जावं. लोक हलेनात. मग अधिकाऱ्यांनी युक्ती केली. करारापोटी दरवर्षी मिळणारे पैसे आणि सामान नेहमीच्या जागी न देता शेकडो मैल लांब सँडी लेक नावाच्या ठिकाणी देऊ म्हणून सांगितलं, तेही हिवाळ्याच्या तोंडावर. माणसं गेली. तिथे वाटप वेळेवर नाही, अन्न सडकं, रोगराई पसरली. थांबलेले मेले, बर्फातून परत निघालेले वाटेत मेले. सगळे मिळून सुमारे ४०० माणसं गेली. सरकारचा हेतू होता की ही माणसं बर्फात अडकतील आणि तिकडेच राहतील. वाचले ते घरी परतले.

त्यानंतर १८५२ साली केचेवाइश्के नावाचा त्यांचा म्हातारा मुखिया, ज्याला गोरे लोक बफेलो म्हणत, वयाने नव्वदीच्या आसपास, होडीतून निघून थेट राजधानी वॉशिंग्टनला गेला. नवीन राष्ट्राध्यक्षाला भेटला. हुकूम मागे घ्यायला लावला. १८५४ साली आणखी एक करार झाला आणि ओजिब्वेंना त्यांच्याच मुलखात राहायला राखीव क्षेत्रं मिळाली. आपल्यातले म्हातारे तहसीलला जायचं म्हटलं की गुडघे दुखतात म्हणतात, त्यांच्यासाठी हे सांगितलं! (हशा)

पण करार कागदावर राहिला. राज्य सरकारने शिकारीचे आणि मासेमारीचे कायदे केले. राखीव क्षेत्राच्या हद्दीबाहेर पाय टाकला की वॉर्डन पकडणार, भाला-जाळं जप्त करणार, दंड करणार. १९०८ साली राज्याच्या वरच्या कोर्टाने सांगून टाकलं की राज्य स्थापन झालं तेव्हाच तुमचा जुना हक्क संपला. मग लोक काय करणार? चोरून जायचे. आजोबा चोरून गेला, बाप चोरून गेला. तीन पिढ्या स्वतःच्याच तळ्यात चोर ठरल्या.

इथे मला आपलं आठवतं. आपल्याशी तर कोणी करारसुद्धा केला नाही. इंग्रजांनी १८७८ चा जंगल कायदा केला तेव्हा साहेबांमध्ये वाद झाला होता, की जंगलातल्या माणसाचा वापर हा हक्क मानायचा की सवलत. हक्क म्हटलं तर काढून घेता येत नाही, सवलत म्हटलं तर कधीही काढता येते. सवलतवाले जिंकले. आजही रेंज ऑफिसात गेलं की हाच शब्द कानावर पडतो, “तुम्हाला सवलत दिली आहे.” हा शब्द लक्षात ठेवा. तिकडची लढाई याच शब्दाभोवती झाली.

दोन भाऊ आणि बर्फातलं भोक

१९७४ सालच्या मार्च महिन्यात लाक कूर्त ओरेय या राखीव क्षेत्रातले दोन भाऊ हद्दीच्या बाहेर गेले, गोठलेल्या तळ्याला भोक पाडलं आणि भाल्याने मासे धरायला बसले. वॉर्डनने पकडलं. दंड भरून सुटता आलं असतं. पण त्यांची जमात त्यांच्या मागे उभी राहिली आणि पुढच्या वर्षी राज्य सरकारवरच दावा लावला.

१९७८ साली खालच्या कोर्टात हरले. वरती गेले. १९८३ च्या जानेवारीत अपील कोर्टाचा निकाल आला, त्याला तिकडे फॉइट निकाल म्हणतात. राज्याच्या बाजूचा जो अधिकारी होता त्याचं ते नाव. कोर्टाने म्हटलं, १८५० चा हुकूम कायद्याला धरून नव्हता, आणि १८५४ च्या कराराने जुने हक्क संपले नाहीत. हक्क जिवंत आहे. राज्य सरकार देशाच्या सुप्रीम कोर्टात गेलं, त्यांनी ऐकायला नकार दिला.

या निकालामागचं तत्त्व तुमच्या वहीत लिहून घ्या. करारात सरकारने आदिवासींना काही दिलं असं समजायचं नाही. आदिवासींनी सरकारला दिलं. जे दिलं नाही ते त्यांच्याकडेच राहिलं. आणि दुसरं, कागदाचा अर्थ इंग्रजी शिकलेला वकील काय लावतो त्यावर जायचं नाही. त्या दिवशी तिथे बसलेल्या मुखियाला काय समजलं होतं, तो अर्थ धरायचा.

आपल्याकडे असा एक जरी न्यायाधीश भेटला तर निम्म्या प्लॉटच्या केसेस संपतील!

काठावरची रात्र

निकाल लागला म्हणजे हक्क मिळाला असं कोणी समजू नये. १९८५ च्या वसंतात ओजिब्वे पहिल्यांदा हद्दीबाहेरच्या तळ्यांवर उघडपणे गेले. आणि काठावर माणसं जमायला लागली. आधी दहा-वीस, मग शेकडो. १९८७ ते १९९० ही वर्षं सगळ्यात वाईट.

कोण होती ही माणसं? सगळेच काही गुंड नव्हते. हॉटेलवाले, लॉजवाले, सुट्टीत गळ टाकायला येणारे शहरातले शौकीन, गावातले बेरोजगार. त्यांना सांगितलं गेलं की आदिवासी सगळे मासे मारून टाकणार, पर्यटक येणार नाहीत, तुम्ही उपाशी मरणार. एकाने तर चळवळीला पैसा उभा करायला कराराच्या नावाने बिअर बाजारात आणली. होड्या उतरवायच्या धक्क्यावर दगड, बेचकीतून लोखंडी गोळ्या, मोटरबोटी घुमवून लाटा उठवणं, म्हणजे उभा असलेला भालेवाला पाण्यात पडावा. आदिवासी बायांना इतक्या घाणेरड्या शिव्या की इथे सांगता येत नाहीत. गाड्यांवर चिकटवलेले कागद होते, त्यावरची घोषणा अशी की मासा वाचवा, इंडियनला भोसका.

ओजिब्वेंनी काय केलं? होड्या थांबवल्या नाहीत. उलट हात उचलला नाही. बाया ढोल घेऊन काठावर उभ्या राहिल्या. आणि एक फार उपयोगाची गोष्ट झाली. त्यांच्या बाजूचे काही गोरे लोक, चर्चवाले, शिक्षक, विद्यार्थी, साक्षीदार म्हणून काठावर येऊन उभे राहायला लागले. घोषणा नाही, भांडण नाही. हातात वही आणि टेप. कोणी दगड मारला, किती वाजता, गाडीचा नंबर काय, पोलिसाने काय केलं, सगळं लिहायचं. पुढे १९९१ साली कोर्टाने त्रास देणाऱ्यांना मनाई हुकूम दिला, तेव्हा असा लेखी पुरावा किती कामाला आला असेल ते तुम्हीच ओळखा.

आपल्या धरणावर मागच्या वर्षी दोन पोरांना मारहाण झाली. तारीख कोणाला आठवते? (शांतता) बघा. नाही आठवत. म्हणून सांगतो.

प्रत्येक मासा मोजला

विरोधकांचा मोठा मुद्दा होता की अंडी घालायच्या वेळी मासा मारणं पाप आहे, जात नष्ट होईल. हा प्रश्न खोटा म्हणून झटकून टाकू नका. आपल्यालाही तो विचारला जाणार आहे, आणि विचारायलाही पाहिजे.

ओजिब्वेंनी उत्तर भाषणात दिलं नाही, मोजून दिलं. १९८४ साली त्यांनी सगळ्या जमातींची मिळून स्वतःची एक समिती काढली. तिचे स्वतःचे जीवशास्त्रज्ञ, स्वतःचे वॉर्डन. आधी तळ्यात मोठे मासे किती याचा अंदाज काढायचा. आदिवासी आणि गळवाले दोघे मिळून वर्षाला शंभरात ३५ पेक्षा जास्त काढायचे नाहीत. त्यातला आपला वाटा आधी जाहीर करायचा. प्रत्येक भालेवाल्याला एका रात्रीचा परवाना, त्यावर किती मासे ते लिहिलेलं. २० इंचांच्या वरचे एका परवान्यावर दोनच, कारण मोठा मासा म्हणजे बहुतेक मादी. रात्री होडी काठाला लागली की वॉर्डन एकेक मासा मोजतो, मापतो, नर की मादी ते लिहितो. तळ्याचा वाटा भरला की ते तळं त्यांच्यासाठी बंद.

हिशोब काय निघाला? भाल्याने मारलेले मासे वर्षाला वीस-पंचवीस हजारांच्या आसपास, त्यात बहुतेक नर. आणि गळवाले शौकीन वर्षाला काढत होते काही लाख! १९९१ साली केंद्र सरकार, राज्य सरकार आणि जमाती यांनी मिळून तपासणी केली, तिचा अहवाल आला. तळ्यातली मासळी चांगली आहे, भाल्याने ती संपलेली नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं.

त्याच तळ्यांमध्ये बास नावाचा दुसरा मासा आहे. वॉलआयची अंडी घालून झाली, पाणी आणखी तापलं, की मग बास काठाशी येतो. त्याचा नर शेपटीने तळ साफ करून ताटाएवढं घरटं करतो, मादी अंडी घालून जाते, आणि नर एकटा राखण करतो. पिल्लं पोहायला लागेपर्यंत हलत नाही. जवळ काही आलं की अंगावर जातो. हौशी गळवाल्यांना हे माहीत असतं. नकली माशाचा गळ घरट्याजवळ टाकला की बाप धावून येतो, भूक म्हणून नाही, राखणीसाठी. त्याला वर काढतात, फोटो काढतात, बरेचजण परत सोडतातही. पण तेवढ्या वेळात दुसरे छोटे मासे घरट्यावर तुटून पडतात. हे खेळ म्हणून चालतं. पोटासाठी भाला मारला तर रानटीपणा! सगळे गळवाले वाईट आहेत असं मी म्हणत नाही, त्यांच्यातही नियम पाळणारे पुष्कळ आहेत. माझं म्हणणं एवढंच की अंड्यांची काळजी सगळ्यांना सारखी लावा, फक्त आदिवासीला लावू नका.

आणि आता आपल्याकडे बोट करतो. आपल्या जुन्या माणसांचा नियम होता, वलगणीची पहिली रात्र ओहोळाचं तोंड पूर्ण बांधायचं नाही, निम्मे मासे वर जाऊ द्यायचे. आज काय चाललंय? ब्लीचिंग पावडर. सुरुंगाची दारू. डोहातला लहान-मोठा सगळा मासा पोट वर करून तरंगतो. हे ठेकेदाराची माणसं करतात हे खरं. पण आपली पोरंही करतात, हेही खरं. ज्या दिवशी साहेब हे दाखवून विचारेल की तुम्हाला हक्क कशाला, त्या दिवशी आपण काय सांगणार?

पाच कोटींचा प्रश्न

आता शेवटचं, आणि याच्यासाठीच मी हा विषय घेतला.

१९८९ साली राज्य सरकारने टेंभ्यांच्या सरोवरवाल्यांपुढे एक सौदा ठेवला. दहा वर्षं हद्दीबाहेर भाला मारू नका, आम्ही तुम्हाला सुमारे पाच कोटी डॉलर देतो. रोख वाटप, घरं, कामधंदा. साथींनो, ती श्रीमंत माणसं नव्हती. बेकारी भरपूर, दारूचा त्रास, घरं मोडकी. आणि दरवर्षी काठावर दगड खायचे ते वेगळेच. काहीजण म्हणाले, घ्या, दहा वर्षांनी हक्क परत मिळणारच आहे. दुसरे म्हणाले, दहा वर्षं पोरं होडीत उभीच राहिली नाहीत तर भाला धरायला शिकवणार कोण? आणि आज विकलं तर उद्या सरकार म्हणेल, याची तर किंमत ठरलेली आहे. घरात भांडणं झाली, भावाभावात झाली. मग मतदान घेतलं. सौदा नाकारला.

१९९१ साली खटला संपला. ओजिब्वेंना सगळं मिळालं नाही. जंगलातल्या लाकडाच्या विक्रीवरचा दावा कोर्टाने मानला नाही. इतक्या वर्षांच्या नुकसानीची भरपाई मिळाली नाही. त्या काळात बुडालेल्या माशांचा, दंडांचा, तुरुंगाचा एक पैसाही नाही. पण मासे, शिकार, रानतांदूळ यांचा हक्क पक्का झाला. दोन्ही बाजूंनी अपील न करायचं ठरवलं. त्यानंतर काठावरची गर्दी ओसरत गेली, असं वाचलं. मासे अजून आहेत, हॉटेलंही बुडाली नाहीत.

आता आपलं धरण. आपल्या दोन पाड्यांची जमीन त्या पाण्याखाली आहे. वर पाणी दिसतं, पण खाली माझ्या आजोबाचं शेत आहे, बांधाची जागा मी डोळे मिटून दाखवीन. त्या पाण्यातल्या माशांचा लिलाव होतो आणि ठेका बाहेरच्या माणसाला जातो. आपला माणूस काठाला उभा राहून पाग टाकतो तर त्याच्यावर चोरीची केस. मागच्या महिन्यात ठेकेदाराचा माणूस येऊन गेला, सगळ्यांना माहितीय. पाड्याला वर्षाला वीस हजार देतो, मंदिराला पत्रे देतो, फक्त तुमच्या पोरांनी पाण्यात उतरायचं नाही असं लिहून द्या म्हणाला. पुढच्या रविवारी त्याच्यावर बैठक आहे.

मी तुम्हाला नको म्हणा असं सांगायला आलो नाही. वीस हजार म्हणजे काय ते मला कळतं. गेल्या वर्षी माझ्याच घरात बियाण्याला पैसे नव्हते, मी सावकाराकडे गेलो होतो. ज्याला घ्यावंसं वाटतं तो लाचार आहे असं कोणी बोलू नका. टेंभ्यांच्या सरोवरवाल्यांमध्येही पुष्कळांनी हो म्हणून मत दिलं होतं, आणि ते त्याच गावात आजही राहतात. पण बैठकीत बसताना एवढं डोक्यात ठेवा. तो माणूस पैसे कशाचे देतोय? माशांचे नाही, मासे तर त्याच्याकडे आहेतच. तो आपल्या सहीचे पैसे देतोय. म्हणजे कुठेतरी त्यालाही माहीत आहे की या पाण्यावर आपला हक्क आहे. नसता तर विकत घ्यायला कशाला आला असता?

तेव्हा बैठकीच्या आधी चार कामं करू.

एक, प्रत्येक पाड्यावर सत्तरीच्या पुढच्या माणसांकडे बसा. धरणाच्या आधी नदीत कुठे, कोणत्या महिन्यात, कशाने मासे धरत, डोहांची नावं काय, सगळं लिहून घ्या. त्यांच्या तोंडचं लिहा, आपलं शहाणपण घालू नका. तोच आपला करार.

दोन, या वलगणीला प्रत्येक पाड्यावर एक वही ठेवा. कोण गेलं, कोणते मासे, किती. शाळा शिकलेल्या पोरींना हे काम द्या, त्या नीट लिहितात.

तीन, पावडर आणि सुरुंग बंद. आपला नियम आपणच करायचा आणि आपणच पाळायचा. मोडला तर दंड पाड्याने घ्यायचा, मग तो कार्यकर्त्याचा भाऊ का असेना. माझा भाऊही त्यात आला.

चार, कोणी अडवलं, मारलं, जाळं जप्त केलं, तर तारीख, वेळ, नाव, साक्षीदार त्याच दिवशी लिहा. पावती मागा. पावती देत नसेल तर तेही लिहा.

आणि मत द्यायला बाया आल्याच पाहिजेत. मासा धरतो पुरुष, पण तो बाजारात नेऊन विकते ती, आणि चूल पेटवते ती. तिला न विचारता सही कशी होईल?

बापाच्या मागे चूड धरून चालताना मला वाटायचं, हे काय फालतू काम, मला भाला द्या. आता कळतं की चूड धरणाराच बघत असतो कुठे काय चमकतंय ते. आपल्या बुलेटिनचंही काम तेवढंच आहे. पाग टाकायचा की नाही ते रविवारी तुम्ही ठरवा.

संघटना जिंदाबाद!